मधल्या कुंडीतली कळी

११ मार्च
सडले! तिन्ही कुंड्यांतले लिलीचे कंद सडले. बोटाने दाबला की पचकन आत जातो. थंडीतच बाबांनी पलंगावरून बजावले होते – "पानं पिवळी पडली की पाणी बंद. कंदाला झोपू दे. मी सांगेन तेव्हा उठव." मला कोरड्या मातीची दया आली. रोज तांब्याभर पाणी घातले. दोन महिने! संस्कृतात एम. ए. केलेला मी 'कंद' शब्द सगळ्या विभक्तींत चालवून दाखवीन. कंद जगवणे अभ्यासक्रमात नव्हते.

सांगायला गेलो. खुबा मोडल्यापासून बाबा पुढच्या खोलीत पडून. कुंड्या मागच्या अंगणात. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "आजपासून पाणी सुरू कर. कोंब आला की सांग."

"बरं," म्हणालो.

१३ मार्च
रोपवाटिकेत चक्कर. माळी हसला. "साहेब, आता लावलेला कंद यंदा फुलायचा नाही. आणि आहे कुठं माझ्याकडं तरी?"

१८ मार्च
"आला का?" – "आला." निसटलेच तोंडातून. मग थांबता येईना – हिरवा, टोकाशी लालसर, वगैरे. पंचवीस वर्षे वार्ताहर आहे. दोघांकडून खात्री केल्याशिवाय एक ओळ छापायला दिली नाही, ही फुशारकी माझीच!

१९ मार्च
बाबा व्यायामाला बसले. व्यायामवाल्या बाई थक्क – तीन महिने "उद्या बघू" म्हणून त्यांना वाटेला लावणारा हा माणूस! त्यांना म्हणाले, "फूल उमललं की मी माझ्या पायांनी जाऊन बघणार. उचलून न्यायला मी काय कपाट आहे?"

बाई मला दारात म्हणाल्या, "काय जादू केलीत हो?"

२६ मार्च
दांडा चार इंच. बाबा वॉकर धरून खोलीच्या दारापर्यंत.

बायको – "अहो, सांगून टाका ना. किती वाढवणार ते रोप?"
म्हटले, चालायला तर लागलेत.
"आणि उमलल्यावर काय दाखवणार? तुमची कात्रणं?"
भाजी छान झाली आहे, असे म्हणालो. तिने वाटी उचलून नेली.

२ एप्रिल
नऊ इंच. कळी धरली. बाबा जेवून स्वतः उठले, हात धुऊन आले. इतका आनंद झाला – आणि मी अर्ध्या ताटावरून उठलो.

४ एप्रिल
आज सांगणारच होतो. त्यांनीच विचारले, "कळी कुठल्या कुंडीत?"
"मधल्या."
इतक्या चटकन! खरी बातमी लिहिताना पेन चावत बसतो मी.
"मधलीच," बाबा म्हणाले. "तुझ्या आईनं लावलेली ती."
हे मला ठाऊक नव्हते.

५ एप्रिल
ठरले. उद्या कचेरीतून आलो की सगळे सांगायचे. शिव्या खायच्या. मान खाली.

६ एप्रिल
आलो तर पलंग रिकामा. बायको अजून घरी नव्हती. वॉकर मागच्या दाराशी. बाबा एकटेच चालत आले होते – पूर्ण घर ओलांडून! पायरीवर बसलेले. मधली कुंडी गुडघ्यांत, हात मनगटापर्यंत ओल्या मातीत.

वर न बघता म्हणाले, "आज किती इंच?"