मार आतल्याला लागतो

आये, तुझी नात काल माझ्यावर खेकसली. कालवण खारट झालं म्हणून! ताट सरकवलं नि म्हणते, "जलम गेला मिठागरात, तरी तुला अंदाज नाय?" मी अशी हसले की मांडीवरचं पोर दचकून रडायला लागलं. हो, पणजी झालीस तू. मुलगा आहे. नाक थेट तुझं. आणि हसले का, तर दोन महिने या पोरीला खारट-गोड काहीच कळत नव्हतं.

पहिलं बाळंतपण म्हणून ती इथे माझ्याकडे पनवेलला आली. बारशाला बायका पाळणा म्हणतायत नि ही भिंतीकडे तोंड करून पडलेली. पोर रडून काळंनिळं होई, हिची मान वळत नसे. धाकटा भाऊ झाला तेव्हा तू अशीच चौकटीला डोकं टेकून बसायचीस. मी दहा वर्षांची. तेव्हा घरात भूत उतरवायला भगत आला. भर दुपार, अंगणात मिरच्यांची धुरी, त्याच्या हातात चिंचेचा ओला फोक. तुझी पाठ फुटते, लुगडं रक्ताने चिकटतं, आणि तो सगळ्यांना समजावतोय, "घाबरू नका, मार तिला नाय लागत, आतल्याला लागतो." आम्हाला खरं वाटलं गं. तू किंचाळलीस की बायका खूश व्हायच्या, आतलं ओरडलं म्हणून! शेवटी विळा तापवून कपाळावर डाग दिला. तो चिघळला नि तू गेलीस.

आणि आता माझ्या विहीणबाई तसलाच एक भगत बसमधून घेऊन आल्या. बाई तशी वाईट नाही, डिंकाचे लाडू छान करते. पण त्याने माझ्या लेकीची वेणी मुठीत धरून पहिला फटका ओढला. दुसऱ्याला हात वर गेला, तसं मी मुसळ उचललं आणि त्याच्या मनगटावर घातलं. हाड कडकन मोडलं. खोटं कशाला बोलू, तो आवाज मला गोड लागला. विहीणबाई ओरडल्या, "अवो, हिच्या पण आंगान शिरलंय!" म्हटलं, "शिरलंय! या आता जवळ!" भगत चपला टाकून पळाला.

दुसऱ्या दिवशी पोरीला स्टँडजवळच्या डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं. तो म्हणाला, मेंदूत रसायनं असतात, त्यांची घडी बिघडली असेल. रसायन म्हटल्यावर मला तळोज्याच्या कारखान्यांचा धूरच आठवला, जावई तिथेच कामाला. मी मिठागरातली, हे कळल्यावर डॉक्टर म्हणाला, "आजी, खाडीचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात जातं ना? तसा मेंदूत निरोप पुढे जातो, त्या रसायनावर. मध्येच आटलं तर?" "मीठ नाय पिकत," मी म्हटलं. तो हसला. "पण खरं सांगू? आटतंच, असंही नाही. आम्ही अजून शोधतोय. गोळ्यांनी पुष्कळांना बरं वाटतं, एवढं दिसतं." मला तो माणूस आवडला. भगताला सगळं ठाऊक होतं, याला नव्हतं.

गोळ्या चालू झाल्या. लगेच नाही, तीनचार आठवड्यांनी एक दिवस तिने आपणहून पोर उचललं आणि म्हणाली, "किती घामेजलाय हा!" मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

डॉक्टरने एक विचारलं होतं, "घरात आधी कुणाला असं झालं होतं का?" रक्तातून येतं म्हणे कधी कधी. मी तुझं सगळं सांगितलं, फोक, धुरी, डाग. त्याने लिहून घेतलं. मग विचारलं, "तेव्हा तुम्ही कुठे होतात?" मी म्हटलं, शेजारी खेळायला गेले होते.

आये, बायकांनी तुझे पाय धरले होते. हात मी धरले होते. तू माझ्याकडे बघून "सोड गं बाय" म्हणालीस, आणि मला वाटलं, हे आतलंच बोलतंय, म्हणून मी आणखी घट्ट धरले.