न वाकणारा गुडघा

राळेगाव,
१३ जुलै २००८

चि. धर्मपाल यास,
ताईचा स. जयभीम, अ. आ. वि.

मुकुटबनला पाऊस कसा आहे, कापसाची पराटी किती वर आली, ते कळव.

आता खरं लिहिते. अडीच वर्षांआधी बदललेला माझा उजवा गुडघा आतून चिघळला आहे. आठ महिन्यांपासून बाजूच्या छिद्रातून पू येतो. मीच ड्रेसिंग करत राहिले. तू म्हणशील, तीस वर्षं नर्सबाई होती, गावोगावच्या जखमा पाहिल्या अन् स्वतःची लपवली. लपवली, खरं आहे. गेल्या दोन हंगामांत आमच्या भागात कापूस पिकवणाऱ्या पाच घरांतल्या कर्त्या पुरुषांनी कर्जापायी जीव दिला. त्या बायकांसोबत मी दवाखाना, तहसील, शाळा फिरत होते. मी खाटेवर पडले तर यांना कोण आहे, असं मनाला सांगायची. पण आतली गोष्ट अशी की मला ऑपरेशनचं भेव वाटत होतं.

नागपुरात एका डॉक्टरनं एक्स-रे पाहिला. गुडघ्याच्या वरचं-खालचं हाड पार झिजून गेलं, पाय मांडीतून काढावा लागेल म्हणाला. दुसरा म्हणाला की वाचवून पाहू. मी दुसऱ्याकडे चालले. दीपाला सोबत पाठव.

तुझी, कधी नव्हे ती घाबरलेली,
ताई


मुकुटबन,
१९ जुलै २००८

ती. ताईस,
धर्मपालचा सा. जयभीम वि. वि.

तुह्यं पत्र वाचलं अन् पहिले राग आला, मंग घास गेला नाही. आठ महिने! माय गेल्यावर तूच मले न्हाऊ घातलं, शाळेत नेऊन बसवलं, अन् स्वतःचं दुखणं माह्यापासूनच लपवतं काय? मी आता लहान राह्यलो नाही, ताई. लेकीचा बाप आहो.

दीपाच्या नर्सिंग कॉलेजातून सुटी मिळाली, ते सोमवारी निघून राह्यली. निंदण आटोपलं की मी येतो. अन् पाय काढा म्हणणाऱ्याले सांगजो, या बाईनं त्याच पायावर अर्धा तालुका पालथा घातला आहे.

तुह्या रागावलेल्या भावावर माया असू दे.
धर्मपाल


नागपूर,
२४ ऑगस्ट २००८

ती. बाबांस,
दीपाचा सा. जयभीम.

आत्याचं पहिलं ऑपरेशन मंगळवारी झालं. साडेतीन तास लागले. डॉक्टरांनी आतला जुना सांधा काढला, मेलेलं हाड खरवडलं अन् मधल्या पोकळीत औषध मिसळलेलं सिमेंट भरलं. नंतरचा एक्स-रे मला दाखवला. मांडीच्या हाडाचं खालचं टोक अंड्याच्या टरफलाएवढं पातळ उरलं आहे. आता सहा आठवडे इंजेक्शनं. मग रक्त स्वच्छ दिसेपर्यंत थांबायचं, तेव्हाच दुसरं ऑपरेशन.

आत्या एकदाच रडली, आदल्या दिवशी, तेही मला पाणी आणायला बाहेर पाठवून. शुद्धीवर आली तशी तिनं चादरीखाली हात घालून पाय चाचपला. दुसऱ्या दिवशी तर वॉर्डातल्या सिस्टरला, सलाईनची सुई अशी नाही, अशी लाव म्हणून शिकवायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाबा, सिस्टरनं ऐकलं!

काळजी करू नका, आईलाही करू देऊ नका.
तुमची दीपा


राळेगाव,
१४ डिसेंबर २००८

चि. धर्मपाल यास,
स. जयभीम, अ. आ. वि.

फोनवर तू बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते. रक्त स्वच्छ आलं. डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. एक, लांब दांड्यांचा बिजागरीसारखा सांधा. तो वाकेल, पण त्याला धरायला माझं हाड थोडं. पू परतला तर पाय गेला. दुसरा, मांडीपासून नडगीपर्यंत आतून सळई घालून पाय कायमचा सरळ करायचा. तो कधीच वाकणार नाही, दीड इंच आखूड राहील, पण भार घेईल. पू परतणारच नाही असं वचन काही ते देत नाहीत. मला तो माणूस त्यामुळेच पटला.

मी सळई घ्यायचं ठरवलं आहे. तू ओरडलास, विहारात खाली कशी बसशील, एसटीत पाय कुठे ठेवशील? विहारात खुर्ची मागेन. एसटीत सगळ्यात पुढे बसेन अन् येणारे-जाणारे माझा पाय ओलांडतील. अरे, मी जन्मात बसले किती? मला उभं राहायचं आहे.

ऑपरेशन जानेवारीत. ये, पण तोंड पाडून येऊ नको.
तुझी ताई


मुकुटबन,
९ फेब्रुवारी २०१०

ती. ताईस,
धर्मपालचा सा. जयभीम वि. वि.

परवा रविवारी मी राळेगावले आलतो, तुले न सांगता. घराले कुलूप. शेजारच्या नंदाबाईनं सांगतलं की ताई पोलिओ पाजाले शाळेत गेली. ऑपरेशनले वर्ष झालं नाही झालं, अन् ही बाई बूथवर! भांडाचंच असं ठरवून निघालो.

फाटकापाशी थबकलो. तू टेबलाजवळ उभी होती. उजव्या चपलेले जाड तळवा, काठी मागच्या भिंतीले. लेकरू भोकाड पसरे, तू गाल दाबे, दोन थेंब टाके, करंगळीले शाई लावे. एक पोट्टं हात सोडवून पळालं. तू ताठ पाय बाजूनं फिरवत त्याच्या मागं गेली अन् बखोट धरून आणलं. मी दोन तास पाह्यत राह्यलो. तू एकदाही खुर्चीवर टेकली नाही. भांडण कुठं गेलं, मले समजलं नाही. हाक मारली असती तर माह्या डोळ्यातलं पाणी साऱ्या राळेगावनं पाह्यलं असतं, म्हणून तसाच परतीच्या गाडीत बसलो.

निघता निघता रांगेतल्या एका पाहुण्या बाईनं मले विचारलं, त्या ताठ पायाच्या बाई कोण म्हणून. लय काही सांगाचं होतं. एवढंच म्हणालो की माह्यी मोठी बहीण आहे.

लहान्यावर हात राहू दे.
तुहा धर्मपाल