पांढरी अजून थोडी खाली

१४ एप्रिल २०१२
सकाळी विहारात वंदना, दुपारी गावात मिरवणूक. पांढरी, म्हणजे आपली गाडी, धुऊन-पुसून, निळे झेंडे लावून चौकात उभी केली होती. कुसुमला म्हटले, चल, समोर बस, मिरवणुकीमागे हळूहळू नेतो. तर म्हणते, माझे गुडघे दुखून राहिले, तुमच्या गाडीत चढवत नाही. आणि बायकांसोबत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गेली. चाकावर पाय देऊन चढली. ट्रॉलीला धरायला फळी असते, गाडीला नसते. म्हणजे दोष गाडीच्या बनावटीत आहे.

मागच्या थंडीत बोदलकसा तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, पांढरी जराशी घसरली होती. पूर्ण पाण्यात गेली नाही, पुढची चाकेच गेली. कुसुम तेव्हा शेजारी होती. त्याच आठवड्यापासून बिचारीचे गुडघे धरले. तलावाची हवा थंड असते.

१७ एप्रिल
सापडले! गुडघा गाडीपर्यंत जात नाही, तर गाडी गुडघ्यापर्यंत आणायची. गाडी खाली करायची.

शेजारच्या कवडूला सांगितले. तो म्हणतो, देवीदासभाऊ, चढताना खाली पिढा ठेवा नं, झालं काम. कवडू मनाने चांगला आहे. पण शेती सोडून त्याला काही कळत नाही.

२२ एप्रिल, गोंदिया
भाचा लोकेश कॉम्प्युटरच्या दुकानात आहे. त्याच्याकडून इंटरनेटवरचे कागद काढून घेतले. इंग्रजी आहे, पण चित्रे आहेत, आणि चित्र मला बरोबर समजते. राइस मिलमध्ये उभी हयात पट्टा आणि पुली सांभाळली, ते कोणत्या कॉलेजात शिकलो होतो?

दोन मार्ग आहेत. एक, लोअरिंग स्प्रिंग. जुनी स्प्रिंग काढायची, आखूड घालायची, शॉकअप तोच. गाडी जेवढी खाली येणार तेवढीच येणार, पुढे कोणाला काही करता येत नाही. दुसरा, कॉइलओव्हर. स्प्रिंग आणि शॉकअप एकाच दांड्यावर, दांड्याला आटे, आट्यांवर कडे. कडे एकीकडे फिरवा, गाडी खाली. उलटे फिरवा, वर. किती सोपे!

गॅरेजवाला श्यामलाल म्हणाला, चाचाजी, इतना क्या सोचना, पुरानी स्प्रिंग के दो राउंड काट देते हैं. कापाकापी मला पटत नाही. मग म्हणाला, तो स्प्रिंग डालो. आपको वही चीज देनी चाहिए जिसमें घुमाने को कुछ न हो. माझ्या हाताला किती गती आहे हे त्याला ठाऊक आहे. धंद्यातली माणसे जळतात.

५ मे
स्प्रिंगच घेणार. पक्के. साधे काम, खात्रीचे काम. आता यावर विचार करायचा नाही.

६ मे
विचार केला. स्प्रिंग घेतली आणि दोन बोटे कमी पडली तर? तिला तसेच चढावे लागेल.

९ मे
कुसुम तांदूळ निवडत होती. विचारले, गाडी किती खाली हवी, नक्की सांग. म्हणाली, पाहू. म्हटले, अशी पाहू का? विटेएवढी? पिढ्याएवढी? म्हणाली, पाहू म्हटलं नं, मले तांदूळ निवडू द्या.

म्हणजे किती हे तिलाच माहीत नाही. प्रश्न मिटला. स्प्रिंग बाद. कॉइलओव्हर!

१ जुलै
दिल्लीहून माल आला. लाल रंगाच्या स्प्रिंगा, चकाकणारे कडे, कडे फिरवायचा आकड्यासारखा पाना. खोके उघडल्यावर कुसुम दारात येऊन उभी राहिली आणि नुसतीच पाहत राहिली. आनंद झाला की तिला बोलता येत नाही.

३ जुलै
अंगणात जॅक लावून स्वतः बसवले. वरून पावसाची झड. काम अगदी कंपनीसारखे झाले. शेवटी एक नट उरला. कंपनी एखादा जादा देत असेल. टेबलावर ठेवला आहे.

८ जुलै
पांढरी बसक्या गाईसारखी दिसून राहिली. कुसुमला हात धरून बाहेर आणले. तिने दरवाजा उघडला, आत पाहिले, बाहेर पाहिले, आणि म्हणाली, अजून थोडी उंच आहे.

बरे झाले स्प्रिंग घेतली नाही! कडे एक फेरा फिरवले.

१९ जुलै
धानाची रोवणी सुरू. कुसुम सकाळपासून शेतातल्या बांधीत, चिखलात वाकून. तिथे गुडघे दुखत नाहीत. चिखल मऊ असतो, शेक बसतो. आली, हात धुतले, गाडीकडे पाहून म्हणाली, अजून थोडीशी.

कडे फिरवले.

५ ऑगस्ट
काळ्या कुत्रा पहिल्या दिवसापासून गाडीखाली झोपायचा. उन्हात तिथे, पावसात तिथे. आज पाहिले तर गोठ्यात झोपला होता. हाक मारली, आला, गाडीजवळ थांबला, वास घेतला आणि शेपूट पायात घालून परत गेला. जागा कमी पडत असेल. कुत्र्याला दुसरे काय कळणार.

२८ ऑगस्ट
आपल्या लेकीला, अल्काला, मुलगी झाली! पहिलटकरीण, म्हणून बाळंतपण आपल्याकडे. गोंदियाच्या दवाखान्यात कुसुम दोन दिवस उभ्यानेच होती. नात गोरीगोमटी, मुठी घट्ट. मी तिच्या कानात सांगितले, तुला अर्जुनी मोरगावला आजोबाच्या गाडीतून पाठवणार. जावई म्हणाले, बाबा, धान कापणी झाली की मी जीप घेऊन येतो. मी म्हटले, जीप कायले? अल्काने आईकडे पाहिले. आईने छताकडे पाहिले.

संकल्प: कापणीपर्यंत पांढरी अशी तयार करायची की लेकराच्या पोटातले दूध हलू नये.

१६ सप्टेंबर
तिरपी नेली तरी गतिरोधकावर गाडीचे पोट घासते. वेगळाच आवाज आहे. खालून कोणी नखाने खरवडावे तसा. रस्ता संपला तरी तो आवाज थोडा वेळ येत राहतो. ग्रामपंचायतीने गतिरोधक फार उंच केले आहेत. अर्ज द्यावा.

३० सप्टेंबर
कुसुमला कसे वाटेल हे पाहण्यासाठी रोज सकाळी मी स्वतः बसून-उठून पाहतो. बसणे फारच सुखाचे, सीटच आपल्याला खाली घेते. उठताना मात्र दरवाजा दोन्ही हातांनी धरावा लागतो आणि बुद्धाचे नाव घ्यावे लागते. दरवाज्याची बिजागरी ढिली झाली असेल. तेल टाकले.

२४ ऑक्टोबर
आज दीक्षाभूमीला गावातून ट्रक गेला. कुसुम बायकांसोबत ट्रकमध्ये. ट्रक केवढा उंच! कवडू म्हणाला, भाऊ, वहिनी तर माकडासारखी चढली. मी त्याला समजावले की ट्रकला मागे फाळका असतो, साखळी असते, त्यामागे विज्ञान आहे. तो हसत नव्हता. म्हणाला, तुम्ही वहिनीले एकदा सरळ विचारा नं, गाडीत काऊन बसत नाही ते. मी म्हटले, विचारायचे काय, गुडघे. कवडू मान हलवून शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, चालता झाला.

१ नोव्हेंबर
अजून थोडी, म्हणाली. आता पांढरीचे पोट आणि जमीन यांच्यात माझा पंजा उभा मावत नाही. कडे शेवटपर्यंत गेले. तरीही पाना लावून पाहिले. उलटे फिरेना, चिखल बसून आटे आवळले आहेत. उलटे फिरवायचे कारणही नाही.

७ नोव्हेंबर
कापणी जोरात. नहराच्या रस्त्यावर कवडूने धान पसरले, गाड्या वरून गेल्या की मळणी आपोआप होते. शेजारधर्म म्हणून मी पांढरी त्यावरून जाऊन-येऊन केली. कवडू आधी खुश होता. मग वाकून म्हणाला, भाऊ, थांबा, खाली सायलेन्सरले धानाचं तणस अडकून राहिलं. मूठभर ओढून काढले. काड्यांची टोके काळी होती. त्याने नाकाला लावून पाहिले आणि माझ्याकडे पाहिले. म्हणाला, पुन्हा तणसावरून गाडी नेजा नोको.

ऑइलचा डाग असेल. तणसाचे काय मनावर घ्यायचे.

९ नोव्हेंबर
बाकीचे तणस काढायचे ठरवले, पण जॅक खाली जात नाही. म्हणजे गाडी किती व्यवस्थित खाली आली आहे! पुढच्या आठवड्यात खड्डा खणून बघू.

१८ नोव्हेंबर
खड्डा राहिला. पाठ भरून आली.

दुपारी गाडी बंद उभी होती, तरी अंगणात जळाल्यासारखा वास. कोणाची तरी चूल. काळ्या आज दिवसभर भुंकला. गाडीकडे तोंड करून.

२२ नोव्हेंबर
जाहीर केले की येत्या सोमवारी अल्का आणि नात पांढरीतून सासरी जाणार. अल्का म्हणाली, बाबा, एसटी आहे नं. मी म्हटले, एसटीत धक्के बसतात. अल्का म्हणाली, आई, तू सांग नं. कुसुम लेकराला थोपटत होती. थोपटायची थांबली. म्हणाली, आधी मी बसून पाहते. एक चक्कर मारू. मग लेकराचं ठरवू.

जिंकलो! अल्काने तिचा हात धरला आणि सोडेना. मायलेकींना एकमेकींची फार माया.

२५ नोव्हेंबर, दुपारी
अक्षर वाकडे येऊन राहिले. पेन बदलले पाहिजे.

सकाळी कुसुम बसली. पदर खोचला, एका हाताने दरवाज्याची कडी धरली. मी म्हटले, पाहा, गुडघा उचलावाच लागला नाही. म्हणाली, तुम्ही समोर पाहा.

नहराच्या रस्त्यावर सगळीकडे धान पसरलेले. पांढरी त्यावरून जाऊ लागली आणि खालचा आवाज बंद झाला. नखाचा आवाज नाही, काहीच नाही, जसे पाण्यावरून चाललो. मी कुसुमला म्हटले, हे कॉइलओव्हर. समोरून कवडू आणि त्याची माणसे हात हलवत होती. मीही हलवला. कुसुम म्हणाली, काहीतरी जळून राहिलं. मी म्हटले, नव्या सामानाला वास येतो. म्हणाली, थांबवा. मी म्हटले, घाबरू नको. म्हणाली, देवीदास, गाडी थांबवा.

लग्नाला एवढी वर्षे झाली, तिने माझे नाव कधी घेतले नव्हते. ब्रेक दाबला. तणसावरच.

गिअरच्या दांड्याजवळून धूर वर आला. कुसुमने दरवाजा उघडला आणि मला कळायच्या आत ती बाहेर होती, शेताचा धुरा ओलांडून, कापलेल्या बांधीत, ओरडत. मी आधी उतरलो नाही. गाडीचा मालक शेवटी उतरतो. शिवाय डिकीतले कागद. दरवाजा धरला, जोर केला, सीट सोडेना. पुन्हा धरला. पायाखालची पत्र्याची जागा तापू लागली. बिजागरीला मी तेल टाकले होते, हे मला पक्के आठवते.

मग कुसुम परत धावत आली. दोन्ही काखांत हात घातले आणि तांदळाचे पोते ओढावे तसे मला बाहेर ओढले. आम्ही दोघे बांधीत पडलो. मागे भडका उडाला. कवडूच्या माणसांनी माती टाकली, पिण्याच्या पाण्याचे ड्रम ओतले, त्यामुळे बाकीचे धान वाचले. पांढरी वाचली नाही. कवडू घामाने भिजून माझ्याजवळ बसला. म्हटले, भाऊ, तुझे धान. म्हणाला, चुलीत जाऊ द्या धान. लेकरू आत नव्हतं नं? मी म्हटले, नाही. म्हणाला, मग झालं.

कुसुमच्या मनगटावर मोठा फोड आला आहे. अल्का त्यावर हळद लावून राहिली आणि माझ्याकडे पाहत नाही.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवतो. कुसुम काय धावली! दोनदा धुरा ओलांडला. गुडघे पूर्ण बरे झाले. कॉइलओव्हरचा गुण आला.

२७ नोव्हेंबर
श्यामलाल सांगाडा पाहायला आला. पुढच्या चाकाजवळ बसला, काळे झालेले कडे बोटाने पुसले, तळाशी गेलेले पाहिले. म्हणाला, स्प्रिंग डालते चाचाजी, तो गाड़ी वहीं रुक जाती. मी म्हटले, बाईलाच अजून खाली पाहिजे होती. कुसुम चहा घेऊन आली होती. कपबश्या तिने ओट्यावर ठेवल्या. श्यामलाल चहा न घेता गेला.

मग तिने सांगितले. गुडघे कधी दुखलेच नाहीत. पाळीवरून घसरलो त्या दिवशी पाणी पायाशी आले तेव्हाच ठरवले होते, या माणसाच्या गाडीत पुन्हा बसायचे नाही. पण तोंडावर कसे म्हणायचे. तुम्ही गाडी पुसता तेव्हा गाणे म्हणता. वाटले, अजून थोडी, अजून थोडी म्हणत राहिले की कंटाळाल.

मी म्हटले, मग परवा बसलीस कायले?

म्हणाली, लेकराच्या आधी कोणीतरी बसायलाच पाहिजे होतं.

टेबलावर तो जादा नट आहे. पांढरीचे आता एवढेच उरले.

३ डिसेंबर, अर्जुनी मोरगाव
अल्काला आणि नातीला पोचवले. एसटीने.

गावात फाट्यावर बस आली. अल्का चढली. कुसुम लेकराला एका हातावर घेऊन चढली, कठडा न धरता. मग मी. पाय पायरीवर ठेवला, जोर केला, आणि माझा गुडघा कटकन वाजला. पुन्हा जोर केला. कंडक्टर म्हणाला, काका, चढा नं लवकर. मागचे लोक ढकलू लागले. वरून कुसुम वाकली. नात छातीशी, फोडावर पट्टी बांधलेला हात माझ्याकडे. म्हणाली, द्या हात.

दिला.

एसटीची पायरी फार उंच केली आहे, असे आता लिहायला घेतले होते. खोडले. पायरी पूर्वीएवढीच आहे.