रविवारची बस

३ नोव्हें., सोम.
सिटी कौन्सिलच्या नव्या बजेटमध्ये रविवारची बस रद्द. जानेवारीपासून. माझ्याच वॉर्डातून वृद्धाश्रमाकडे जाणारी. दुपारी ग्लोरियाचा फोन. मूळची वसईची, इथे त्या वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालते. गाडी नाही. संडेला पोचली नाही तर जॉब जाणार. "सर, तुम्ही बोला. तुमच्यासारखं कोण बोलतंय इथं?"
बोलणार. कौन्सिलर कशाला झालो मग?

७ नोव्हें., शुक्र.
भाषण तयार. पाच मिनिटांत बसतं. सु.ने भाजी चिरत ऐकलं. "छान आहे. अनुमोदन कोण देतंय?"
दुसऱ्या कुणी हात वर केल्याशिवाय ठरावावर चर्चाच होत नाही, हे बायको मला शिकवते! शेजारच्या वॉर्डाचा कौन्सिलर ब्रायन देईल. बसबद्दल पार्किंग लॉटमध्ये बोललो होतो, मान डोलावली होती त्याने. आपल्या मराठी मंडळात सूचक-अनुमोदक चहावर आधीच ठरतात, मग सभा म्हणजे नुसता देखावा. तेच इथे करायचं? न्याय्य गोष्टीसाठी दारोदार फिरणार नाही.

१२ नोव्हें., बुध.
बस चालू ठेवायचा ठराव मांडला. मेयरबाईंनी विचारलं, अनुमोदन? ब्रायन पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत राहिला. बाकीचे स्क्रीनकडे बघत. पुन्हा विचारलं. कुणी नाही. ठराव पडला. पुढचा विषय, बर्फ काढायचं कंत्राट.
भाषण खिशातच. एक शब्द...
बाहेर ब्रायनला गाठलं. गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता. म्हणाला, तू विचारलं नाहीस. मला वाटलं, तुला फक्त बोलायचंय.
घरी जेवलो नाही. सु.ने ताट झाकून ठेवलं. 'सांगितलं होतं' म्हणायला हवं होतं तिने.

१६ नोव्हें., रवि.
सकाळी स्टॉपवर ग्लोरिया भेटली. सोडतो म्हटलं. नको म्हणाली. "आज बस आहे ना, सर."
मग म्हणाली, "होममध्ये टीव्हीवर मीटिंग लावली होती. सगळ्यांना सांगितलं, हे आमचे सर. तुम्ही उभे राहिलात आणि बसलात." टोमणा नव्हता. बस आली, ती गेली. मागच्या सीटवर आणखी दोघी, तिच्यासारख्याच युनिफॉर्ममध्ये.
बजेटवरचं शेवटचं मतदान २५ला. ठराव पुन्हा मांडता येतो. कोण हात वर करणार आहे?
दुपारी ब्रायनला फोन लावला. उचलला नाही. निरोप ठेवा म्हणणारा आवाज, मग बीप. "ब्रायन," म्हटलं. अनुमोदन देशील का, एवढंच विचारायचं होतं.
ठेवून दिला.