वर्गमुळावरची रेघ

मी, तोताराम सुपडू बाविस्कर, वय ६८, निवृत्त गणित शिक्षक, राहणार एरंडोल, जिल्हा जळगाव, पूर्ण शुद्धीवर व कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. हृदय दुबळे झाले आहे, बुद्धी नाही. आजच नातीला भागाकाराचे चिन्ह उकलून दाखवले: रेघ अपूर्णांकाची, वरचा ठिपका अंशाच्या जागी, खालचा छेदाच्या. ती हरखली, मीही.

१. घर व बँकेतील ठेव मुलगा वाल्मीक व मुलगी नर्मदा यांना निम्मी निम्मी. बरोबरच्या चिन्हातील रेघा मी कधी लहानमोठ्या काढल्या नाहीत.

२. फळ्यावरचा लाकडी कंपास झुलाल सरांना. ते गुणाकाराची फुली आणि बीजगणितातला x एकसारखेच काढीत व त्यांचे विद्यार्थी पुढे माझ्या वर्गात रडत. अक्षराला बाक हवा, हे तीस वर्षे सांगितले. आता राग नाही, विनंती आहे.

३. ओसरीची खोली मात्र जुबेदा गनी पिंजारी दहावी उत्तीर्ण होईपर्यंत तिच्या अभ्यासासाठी राहील. वाल्मीकला कारण ठाऊक नाही, म्हणून लिहितो.

१९७३ साली नववीचा वार्षिक पेपर मीच स्टेन्सिलवर कोरला. मेणकागद फाटू नये म्हणून वर्गमुळाची आडवी रेघ हलक्या हाताने ओढली. ती सोळा अधिक नऊ या दोहोंवर हवी होती. छपाईत सोळापाशीच संपली. इतरांनी वर्गातले उदाहरण आठवून पाच लिहिले. जुबेदाने कागद वाचून तेरा लिहिले. मी चूक दिली. दोन गुणांनी ती नापास झाली आणि गनीभाईंनी तिला शाळेतून काढून शिलाईवर बसवले.

गेल्या दिवाळीत सदऱ्याचे माप द्यायला गेलो, तेव्हा तिने भीत भीत तो पेपर ट्रंकेतून काढला.

"सर, छपराखाली जेवढे, तेवढ्यांचंच मूळ काढायचं, असं तुम्हीच शिकवलं होतं. नऊ तर बाहेर उभे होते."

तेव्हाच का बोलली नाहीस, असे मी विचारले.

"तुमचं चुकलं असेल असं वाटलंच नाही, सर. इतकी वर्षं माझंच कुठं चुकलं ते शोधत होते."

तिने बाहेरून दहावीचा अर्ज भरला आहे. भूमिती शिल्लक आहे. मी न उरल्यास ती सूनबाई मंदाने शिकवावी.

४. माझे दिवसकार्य ठरवताना मार्चच्या परीक्षेचे वेळापत्रक आधी पाहावे. गणिताच्या दिवशी सकाळी मी गेलो, तर जुबेदाला पेपर सुटेपर्यंत कळवू नये. मंदाने केंद्राबाहेर उभे राहावे. आधी उत्तरे विचारावीत, मग सांगावे.

सही: तोताराम सुपडू बाविस्कर

आमच्या समक्ष सही केली:
१. भाईदास चुडामण महाजन
२. कय्युम शेख रहीम

एरंडोल, १३ जानेवारी १९९१