पिक्चर बघून आलेला माणूस

आये, आपण दोघींनी मिळून जी कादंबरी वाचली होती, तिच्यावरचा तो जुना सिनेमा परवा माझ्या लेकीने मोबाईलवर लावून दिला. "बघ, तुझ्या सोलापूरच्या दिवसांतला," म्हणाली. मी शेवटपर्यंत बघितला आणि मग खाली लोकांनी लिहिलेली मतं वाचत बसले. तिथेच चुकलं. एकाने लिहिलंय, अशा बायका आता राहिल्या नाहीत. एकीने लिहिलंय, शेवटचा प्रसंग बघून दर वेळी डोळे भरतात, क्षमा करावी तर अशी. कुणा शहाण्याचं म्हणणं, मूळ कादंबरी फार कोरडी होती, सिनेमाने तिच्यात जीव ओतला. इतकी वर्षं गेली, माणसं गेली, आणि मत तेच, अगदी शब्दाला शब्द. हे सांगायचं कुणाला? लेकीने कादंबरी वाचलेली नाही. ती मी तुझ्यासोबत वाचली, म्हणून तुलाच लिहिते आहे.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी आठवीत होते. आप्पांनी होटगीला रेल्वेच्या नोकरीवर असतानाच आपल्याला सोडून दुसरीबरोबर घर मांडलं होतं, त्यालाही बरीच वर्षं लोटली होती. तू मंद्रूपला माहेरी गेली नाहीस. विणकरांच्या त्या गल्लीत एक खोली धरलीस आणि विड्या वळायला लागलीस. दुपारी अंगणात कडुलिंबाखाली तुम्ही बायका मांडीवर सुपं घेऊन बसता, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, आणि मी उंबऱ्यावर बसून मोठ्याने वाचते. तू चौथी शिकलेली, तुला वाचता येत होतं, पण हात मोकळे नसायचे. शेजारची अक्का घरात तेलुगू बोलायची, तिला पुस्तकी मराठी अर्धी कळायची. उरलेली तू तिला आपल्या गावच्या बोलीत सांगायचीस. अर्धी कादंबरी एकाच गावातल्या पोराच्या आणि पोरीच्या प्रेमाचीच होती. विहिरीवरच्या भेटी, घरच्यांचा विरोध, मग लग्न. नंतर तो शहरात जातो, तिथे दुसरी करतो, आणि पिकल्या केसांनी एक दिवस हिच्या दारात येतो. ती त्याला ओळखते. ताट वाढते. तो जेवेपर्यंत समोर बसते, मग वाटेपर्यंत सोडते आणि मागे न बघता रानात जाते. संपलं. मी पुस्तक मिटलं तेव्हा तुझी कात्री पानावर तशीच थांबली होती. "शेवटचं पान फिरून वाच," म्हणालीस. मी वाचलं. त्या संध्याकाळी भाकरी थापताना तू गुणगुणत होतीस, आणि ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

म्हणून सिनेमा आला तेव्हा सगळ्यांच्या आधी तूच तयार झालीस. गल्लीतल्या बायका मिळून तीनच्या खेळाला गेलो. तू इरकली नेसली होतीस. सुरुवातीला तू माझ्या कानात सांगत होतीस, हे पुस्तकातलं हाय, हे न्हाय. मग शेवट आला. तो दारात उभा, मागे सतारी वाजतायत, आणि ती धावत येऊन त्याच्या पायांवर पडते. पडदाभर नुसते त्याचे पाय. ती ते डोळ्यांतल्या पाण्याने धुते, पदराने पुसते, तो तिच्या कपाळाला कुंकू लावतो आणि गाणं सुरू होतं. खालून शिट्ट्या आल्या, कुणी पडद्यावर नाणी फेकली. आमच्या रांगेतल्या बायका हुंदके देत होत्या. तू ताठ बसून होतीस. तोंडाला पदर लावला होतास, पण रडण्यासाठी नाही. घाण वास आल्यावर लावतात तसा.

परतताना अक्का खुशीत होती. "गोड केला की शेवट. पुस्तकात काय, नुसतं जेवन वाढून पाठवती. असं कुटं असतंय व्हय?"

"असंच असतंय," तू म्हणालीस. "ती बाई पुस्तकात उभी हाय अक्का. ह्यांनी तिला आडवी घातली."

"अगं पिक्चर हाय त्ये."

"पिक्चर हाय म्हनून पाय चाटायचं? मला थुकावंसं वाटलं तितं."

मी मागून चालत ते शेवटचं गाणं म्हणत होते. तू एकदम वळलीस. "बंद कर त्ये!" असं तू माझ्यावर कधी ओरडली नव्हतीस.

पण तुझं मत एकटीचं होतं, आये. पुढचे कित्येक दिवस ज्याच्या त्याच्या तोंडी तो शेवट. कारखान्यात विड्या द्यायला गेलं तरी तेच, नळावर तेच. मंद्रूपहून तुझी थोरली बहीण मुद्दाम सिनेमा बघायला आली आणि रात्री जेवताना तुला म्हणाली, "बघितलंस न्हवं, कशी वाकली ती? बाईनं वाकलं की घर ऱ्हातंय." तू तिच्या ताटात आमटी वाढत होतीस. पळी तशीच पातेल्यात टाकलीस आणि उठून गेलीस.

आणि मग आप्पा आले. भर दुपारी, इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून, हातात पेढ्यांचा पुडा. तुम्ही सगळ्या अंगणात कामाला बसलेल्या. अक्काने मधली सुपं बाजूला ओढून वाट करून दिली. सगळ्यांचे हात थांबले. टॉकीजमध्ये दिवे गेल्यावर होते तशी शांतता.

"पिक्चर बघितला," आप्पा म्हणाले. "लई रडू आलं. म्हटलं, जाऊन यावं." आणि चपला काढून उभे राहिले. एक पाऊल जरासं पुढे. ते पाऊल अजून माझ्या डोळ्यांसमोर येतं आणि अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

तू बसल्या जागेवरून वर बघितलंस. "एकलंच गेलता पिक्चरला?"

आप्पा घुटमळले. "न्हाय. तिला बी न्यावं लागलं."

"मग? काय म्हनली ती?"

"रडली की ती बी."

कुणीतरी खुदकन हसलं आणि गप्प झालं. तू हात झटकलेस, तंबाखूची धूळ उडाली. उठलीस, पदर खोचलास. बायका पुढे सरकल्या. मला अजून कळत नाही, त्यांना काय बघायचं होतं.

"त्या पुस्तकात ती बाई नवऱ्याला जेवाय वाढती," तू म्हणालीस. "मी तेवढी बी चांगली न्हाय. जावा तुमी."

आप्पा पुडा ओट्यावर ठेवून गेले. पुन्हा कधीच आले नाहीत. आणि ज्या बायका तुझ्याबरोबर बसून पुस्तकातला शेवट ऐकताना मान डोलवत होत्या, त्याच म्हणाल्या, दगडाच्या काळजाची हाय, इतका चांगला पिक्चर बघून बी पाझर फुटला न्हाय. तुझ्याशेजारी सूप घेऊन बसणं त्यांनी सोडलं. अक्कासुद्धा दिवाळीपर्यंत फिरकली नाही. तू आत खोलीत बसून विड्या वळल्यास, त्याच विड्यांवर मला शिकवलंस, आणि मला नोकरी लागल्याच्या दुसऱ्या वर्षी गेलीस. तुझ्या मयतीलाही कुणीतरी म्हणालंच, त्या वेळी जरा वाकली असती तर सवाष्ण म्हणून नांदली असती. मी त्या बाईकडे बघितलं आणि मला तिची नुसती किळस आली.

परवा मोबाईलवर मला उत्तर लिहायचं होतं. अंगठा ठेवला आणि उचलला. त्या माणसांना काय सांगू? हेही कुठे टाकायचं नाहीच, तू वाचणार नाहीस.

पण इतकं लिहिलं तर एक राहिलेलं लिहिते. तू उठून पदर खोचलास ना, तेव्हा मी उंबऱ्यावर उभी होते. माझे आप्पा किती वर्षांनी माझ्या अंगणात आले होते. मी दाराची चौकट घट्ट धरून मनात एकच म्हणत होते: आये, वाक. एकदाच वाक.