पहिला टेक

प्रिय विल्मार,

तुझ्या बहिणीचा, नॉर्माचा फोन आला होता. हल्ली माते-चहा पितानाही त्याचा तुंबा तुला दोन्ही हातांनी धरावा लागतो, म्हणाली. वर तिलाच हसवतोस म्हणे. मला हसू आलं नाही.

आपल्या अल्बमवर अजून लिहून येतंय. इथल्या पेपरानं पहिल्यांदा लिहिलं होतं, ड्रमर बहुधा प्यायलेला असावा. ते कात्रण तू सरावाच्या खोलीच्या दारावर चिकटवलंस. मग ब्युनोस आयर्सच्या त्या समीक्षकानं लिहिलं, हा ड्रम मुद्दाम मागे रेंगाळतो, तालाचं ऐकत नाही. एवढं धाडस नदीच्या दोन्ही काठांवरच्या देशांत कुणी केलेलं नाही. तू ओरडलास, "मिर्ते, उभी राहा, मी प्रतिभावान निघालो!" फाउस्तोनं बेस गिटार खाली ठेवून तुला वाकून नमस्कार केला. "महाराज, आता तरी वेळेवर येत जा," म्हणाला. रेकॉर्डिंगचा आपला नियमच होता, पहिला टेक तोच शेवटचा. म्हणून तुझा हात का रेंगाळतोय, हे कुणी विचारलं नाही. आम्हालाही ते सुंदरच वाटलं. महिन्याभरानं डॉक्टरांनी नसांच्या रोगाचं नाव सांगितलं.

आता रेकॉर्ड कंपनीला दुसरा अल्बम हवाय, आणि त्यात तोच हात हवाय. त्यांनी सिल्वाना नावाची ड्रमर पाठवली. चांगली मुलगी आहे. तुझा प्रत्येक उशीर तिनं मोजून बसवलाय. वाजवून झाल्यावर तिनं विचारलं, "बरोबर आलं ना?" अगदी बरोबर आलं होतं. मी गिटार तशीच टाकून रस्त्यावर गेले.

सिल्वाना नको, असं मी कंपनीला सांगितलं. मग माझ्या मनात काय आहे ते फाउस्तोला सांगितलं, तर तो भडकला. "बाई, माणूस आहे तो! अस्वलासारखा नाचवणार आहेस काय त्याला?"

रविवारच्या बसनं मी तुझ्याकडे ताकुआरेंबोला येतेय. बरोबर एक ड्रम, दोन माइक. दुसरा अल्बम मला तुझ्याबरोबर करायचाय, आज आहेत त्या हातांनी. काठी निसटली तर ती पडल्याचा आवाज राहील. समीक्षक त्यालाही धाडस म्हणतील, म्हणू देत. उन्हाळा संपेपर्यंत तुझी बोटं मिटायची थांबतील, असं डॉक्टर म्हणतात. म्हणून ही घाई. हे तुझ्यासाठी करतेय की अल्बमसाठी, मला खरंच ठरवता येत नाही. तुला कळलं तरी सांगू नकोस. नको असेल तर स्टँडवर नॉर्माला एकटीला पाठव. मी त्याच बसनं परत फिरेन.

तुझीच,
मिर्ता